मांडीवरचा डबा

पदनाम: स्थानिक शंटिंग नियोजक, श्रेणी दुसरी. लिंग: स्त्री. वय: निवृत्तीच्या दृष्टिपथात. उंची: खिडकीतून यार्ड दिसण्यापुरती. ओळखीची खूण: उजव्या कानामागे पेन्सिल. कर्तव्य: हद्दीतील कारखान्यांचे मालडबे कोणत्या क्रमाने इंजिनास जोडावेत, कोणत्या क्रमाने सोडावेत व परत आणावेत, याचा दैनिक आराखडा तयार करणे. सदर क्रम केवळ परिचालनाच्या सोयीनुसार ठरविण्यात येईल. त्यात वैयक्तिक भावनेस कोणत्याही प्रकारे वाव राहणार नाही. स्वभाव: रकाना नाही.

रकाना नव्हता म्हणून यार्डानं तो परस्पर भरून टाकला होता. तिला सगळे 'पारा' म्हणत. अर्थात तोंडावर नाही. तोंडावर 'बाई' म्हणत, आणि तेही दोन पावलं मागे सरकून.

बाईंचं कार्यालय म्हणजे यार्डाच्या कडेला लोखंडी जिन्यावर टेकवलेली एक खोली. आत एक टेबल, एक फोन, आणि भिंतीवर रुळांचा एक नकाशा, ज्यात केव्हाच उखडून नेलेले रूळ अजून सुखानं नांदत होते. टेबलावर एक लांब लाकडी पट्टी आणि तिच्यावर ओळीनं लावलेले, कपडे वाळत घालायचे रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे. एक चिमटा म्हणजे एक डबा. पिवळा पुठ्ठ्याच्या कारखान्याचा, निळा बाटल्यांच्या, हिरवा पशुखाद्याच्या. काळा चिमटा म्हणजे इंजिन. सकाळी ती पेन्सिल कानामागून काढायची, चिमटे मागंपुढं करायची, आणि जुळलं की तो क्रम कागदावर उतरवून खाली पाठवायची. घरी कपडे जुन्या लाकडी चिमट्यांनी वाळत. प्लॅस्टिकचे सगळे नोकरीला लागले होते.

काम ऐकायला पोरखेळ वाटतं. तीन कारखाने, एक इंजिन, एक एकेरी मार्ग. यार्डातून निघालं की आधी रस्त्याचं फाटक, फाटक ओलांडलं की लगेच पुठ्ठ्याच्या कारखान्यात शिरणारा फाटा, पुढं बाटल्यांचा, सगळ्यात शेवटी पशुखाद्याचा. पुढं इंजिन, मागं डबे. इंजिन फाट्याच्या पुढं जाऊन थांबतं, मग मागं सरत शेपटीचा डबा फाट्यातून कारखान्यात ढकलतं. म्हणून जो डबा आधी सोडायचा तो शेपटीला लावायचा. एवढं कोणालाही कळतं. कळत नाही ते हे, की डबे आपण होऊन एकमेकांना सोडत नाहीत आणि धरतही नाहीत. दर वेळी एका माणसाला बफरांच्या, म्हणजे धक्का झेलणाऱ्या लोखंडी थाळ्यांच्या, खालून वाकून दोन डब्यांच्या मधे शिरावं लागतं, साखळीचा लोखंडी फास आकड्यात अडकवावा किंवा काढावा लागतो, आणि पुन्हा वाकून बाहेर यावं लागतं. यार्डात याला 'बुडी' म्हणतात. नियमावलीत याला काही म्हणत नाहीत. नियमावली बाहेर उभ्या राहिलेल्या माणसानं लिहिलेली आहे.

क्रम चांगला लावला तर दिवसाच्या बुड्या कमी होतात. वाईट लावला तर वाढतात. मालक, अधिकारी, कारखाने, सगळ्यांना डबा कधी येणार एवढ्याशी मतलब. बुड्या मोजणारी एकटी बाई होती. आणि त्याला कारण होतं.

बुड्या मारणारा तिचा नवरा होता.

नवरा-बायकोनं एकमेकांच्या हाताखाली काम करू नये असा नियम आहे. त्यावर कार्यालयानं एकदा खुलासा केला होता, की सदर महिला डब्यांचे नियोजन करते, माणसांचे नाही. खुलासा दोघांनीही वाचला होता. तेव्हा आपला नवरा आज किती वेळा दोन डब्यांच्या मधे वाकणार, हे सकाळी खुर्चीत बसून ठरवणारी ती बहुधा एकटीच बायको असावी. बाकीच्या बायकांना हे ठरवायला खुर्ची लागत नाही, असं इंजिनाचा ड्रायव्हर म्हणे. पण ड्रायव्हरची बायको माहेरी राहायची, त्यामुळे त्याचं मत धरण्यात अर्थ नव्हता.

नवऱ्याला सगळे 'काका' म्हणत. कमी बोलणारा, लांब हाताचा, पाठीत किंचित वाकलेला माणूस. त्याला कशाचा राग येत नसे. घरातला राग बायकोनं एकटीनं वापरला तरी पुरून उरत असल्यामुळे त्याच्या वाट्याला कधी आलाच नसावा.

आता जावई. मुलगी पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या माल विभागाच्या प्रमुखाला दिली होती. दिली तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं: मुलगा ओळखीचा, नोकरी कायमची, घर फाटकाच्या पलीकडं. बोलायला गोड. घरी 'आई' म्हणायचा, फोनवर 'मॅडम'. शर्टाला इस्त्री अशी, की बसला तरी मोडत नसे. त्याची एकच खोड होती. संध्याकाळी इंजिन निघून गेलं, की हा कारखान्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून आतले डबे आपल्या सोयीनं ओढून घ्यायचा. ज्याचं दार फलाटापाशी हवं तो पुढं, नको तो मागं. त्याच्या हमालांचे चार हेलपाटे वाचत. पण सकाळी इंजिन पोचायचं तेव्हा न्यायचा भरलेला डबा अर्धवट रिकाम्या डब्याच्या मागं कोंडलेला असायचा. मग आधी दोन्ही बाहेर ओढा, एक तोडा, एक बाजूला ठेवा, पुन्हा जोडा, पुन्हा तोडा. बाईंनी रात्रभर डोकं खाजवून वाचवलेल्या बुड्या जावई संध्याकाळी चहा पिता पिता उधळून टाकायचा.

तिनं आधी चिठ्ठ्या पाठवल्या. मग फोन केले. मग वरच्या साहेबांना सांगितलं, त्यांनी कारखान्याला कळवलं, आणि कारखान्यानं उत्तर दिलं की आवारातील डब्यांची हालचाल ही आमची अंतर्गत बाब आहे. काकांची पाठ कोणाची अंतर्गत बाब, हे कोणी विचारलं नाही.

शेवटी एका रविवारी, मुलगी आणि जावई जेवायला आले असताना, बाईंनी विषय ताटावरच काढला. आवाज चढवला नाही. जावयाशी आवाज चढवून बोलता येत नाही, म्हणून ती त्याच्याशी जितकी चिडे तितकी अदबीनं बोले. तिनं 'आपण' म्हणायला सुरुवात केली की मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आत जायची. आपण तो ट्रॅक्टर बंद ठेवलात तर फार उपकार होतील, असं ती म्हणाली. आपण एक डबा हलवता, त्याच्यापायी आपल्या सासऱ्यांना जास्तीचं वाकावं लागतं, हे आपल्या लक्षात आलं नसेल.

जावयानं घास संपवला. मग हसून म्हणाला, "अहो आई, बाबांना वाकायची सवयच आहे. इतक्या वर्षांत पाठ त्याच मापाची झाली असेल."

मुलगी अर्धवट हसली आणि थांबली. काका मात्र पूर्ण हसले. जावई काहीतरी गमतीचं बोलला, घरी आलेल्या माणसाला बरं वाटावं, म्हणून हसले आणि ताटात बघत राहिले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती जावयाच्या बोलण्यानं नाही, या हसण्यानं. पण हसणाऱ्याला काय बोलणार. म्हणून सगळं बोलणाऱ्याच्या खात्यावर जमा झालं.

सोमवारी सकाळी पिवळा चिमटा शेपटीला नव्हता. तो काळ्याला चिकटून होता.

इंजिनाला लगटून असलेल्या डब्याला यार्डात 'मांडीवरचा' म्हणतात. मांडीवरच्या डब्याला मोठा मान वाटतो, पण त्याच्यासारखा दुर्दैवी डबा नाही. तो सगळ्यांच्या पुढं निघतो, स्वतःच्या कारखान्यावरून तसाच पुढं जातो, बाटल्यांचं दर्शन घेतो, पशुखाद्याचं दर्शन घेतो, आणि दुपारी इंजिन तसंच मागं सरत निघालं की परत येतो. तोवर तिथून उचललेले डबे त्याच्या मागं लागलेले असतात, म्हणजे तो इंजिन आणि शेपूट यांच्या मधे सापडलेला असतो. त्याला सोडायचा तर आधी मागची शेपूट तोडून फाटकावर, भर रस्त्यात उभी करायची. मग त्याला आत घालायचा. मग येऊन शेपूट पुन्हा जोडायची. कागदावर हे सगळं बिनचूक दिसतं. डबा त्याच दिवशी पोचतो, नियम कुठं मोडत नाही. त्यात शिवी आहे हे फक्त यार्डातल्या माणसाला कळतं.

यार्डाला कळलं. ड्रायव्हरनं कागद वाचला, वर खिडकीकडं पाहिलं, आणि इंजिनावर चढता चढता मागच्यांना सांगितलं, "आज जावई मांडीवर आहे. सावकाश चालवायला पाहिजे."

तेव्हापासून ते बोलणंच झालं. सकाळी फाटकवाला फोन करून विचारायचा, जावई कुठाय? मांडीवर, असं उत्तर मिळालं की तो दुपारच्या गर्दीच्या तयारीनं जेवणाचा डबा लवकर खाऊन घ्यायचा.

दुपारपर्यंत रद्दीचे गठ्ठे न मिळाल्यामुळे पुठ्ठ्याचा कारखाना अर्धा दिवस बसून राहू लागला. जावयाचा फोन आला. मॅडम, आमचा डबा सकाळी यायचा. बाईंनी सांगितलं, आता दुपारी येईल. मॅडम, काही कारण? बाईंनी खिडकीतून बाहेर बघत, एकेक अक्षर चावून चावून सांगितलं, "परिचालनाची सोय." आयुष्यभर वरच्यांकडून ऐकलेले हे शब्द तिला पहिल्यांदाच स्वतः वापरायला मिळाले होते. त्यांची चव इतकी चांगली असते हे तिला माहीत नव्हतं.

मांडीवर डबा घेतला की परतताना फाटकावर एक तोडायची आणि एक जोडायची बुडी वाढते. हे तिला माहीत होतं का? तिला नाही तर कोणाला. तिनं चिमटा उचलला तेव्हा ते तिच्या डोक्यात असणारच. पण चिमट्याला पाठ नसते. पट्टीवर पिवळं आणि काळं एकमेकांना टेकलं, बारीक टक आवाज झाला, आणि तिला रविवारच्या त्या ताटापासून पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला.

काका रोज सकाळी तो कागद वाचत होते. घडी घालून खिशात ठेवत होते. संध्याकाळी घरी येऊन मागच्या मोरीत हात धूत होते. बोलत नव्हते. ती त्यांच्या पाठीला मलम चोळायची आणि चोळता चोळता जावयाला शिव्या घालायची. त्याच्या ट्रॅक्टरनं नवऱ्याची काय दशा केली ते नवऱ्यालाच पटवून द्यायची. मलमाची नळी लवकर संपू लागली. तीही तिनं जावयाच्याच नावावर लावली. काका पालथे पडून उशीत हूं म्हणायचे. उशीत केलेल्या हूंचा अर्थ लावणं कठीण असतं.

मुलगी एका संध्याकाळी एकटी आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, त्यांचा मालक रोज सगळ्यांसमोर त्यांची हजेरी घेतो, आणि ते घरी येऊन माझी घेतात. काल जेवणाचं ताट ढकललं. आई, तुमच्या दोघांच्या भांडणात मी उभी कुठं राहायचं?

"फाटकापासून लांब," बाई म्हणाली.

मुलीनं ते ऐकलं. मग वडिलांकडं पाहिलं. ते खिडकीपाशी बसून हातमोज्याचं उसवलेलं शिवत होते. सुई दिसत नव्हती म्हणून मान उजेडाकडं करून. "आणि बाबा कुठं उभे राहतात?" मुलीनं विचारलं.

बाई म्हणाली, बाबांचं काय मधेच. मुलगी निघून गेली. काकांनी दोरा दातानं तोडला.

दुसऱ्या दिवशी, दुपारी, ऊन रुळांवर तापून पुन्हा वर येत असताना, बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. फाटकवाला होता. आवाजामागं गाड्यांच्या भोंग्यांचा गोंधळ. म्हणाला, बाई, काका बसलेत.

काय झालं ते असं. गाडी परत आली. काकांनी शेपूट तोडून फाटकावर उभी केली, हातब्रेक आवळले. मांडीवरचा डबा कारखान्यात घातला, सोडला. इंजिन एकटं मागं सरत आलं आणि शेपटीच्या पहिल्या डब्याला टेकलं. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हाताच्या इशाऱ्याची वाट बघत राहिला. इशारा आला नाही. पाहतो तर काका फाटकवाल्याच्या खोपटासमोरच्या बाकावर बसलेले. हातमोजे काढून शेजारी ठेवलेले, एकावर एक.

ड्रायव्हरनं शिटी दिली. रस्त्यावरच्या गाड्यांनी तिला उत्तर दिलं. तो खाली उतरला आणि विचारलं, काका, चक्कर आली का.

"नाही."

"मग?"

"राग आलाय."

सर्दी झालीय म्हणावं तसं म्हणाले. यार्डात त्यांना रागावलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो राग आहे हे ओळखायलाही वेळ लागला. ड्रायव्हर हसला, मग त्यांच्याकडं नीट बघून थांबला.

काकांनी फाटकवाल्याच्या हातातून फोन घेतला. पलीकडं बायको. इकडं रस्ताभर भोंगे. ते ओरडले नाहीत. भोंग्यांच्या मधे मधे जागा सापडेल तसे बोलले.

"ही बुडी कोणाची आहे?"

बाई म्हणाली, म्हणजे काय. जोडून टाका आधी, रस्ता अडलाय.

"कामाची असेल तर मारतो," काका म्हणाले. "आजवर मारल्याच. जावयाची असेल तर त्याला बोलाव, तो मारेल. तुझी असेल तर तू ये."

फोन ठेवला. तिनं तो कानाशी तसाच धरून ठेवला, जणू पलीकडून आणखी काही यायचं बाकी आहे. मग खिडकीतून दूर फाटकाकडं पाहिलं. इथून शेपटीचे डबे बोटभर दिसत होते, रस्त्यावर आडवे, आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. तिला सगळ्यात आधी भयंकर संताप आला. जावयाचा, फोनचा, उन्हाचा, हसणाऱ्या आणि आता न हसणाऱ्या नवऱ्याचा. सगळ्या जगासमोर मला बोलावतो. ती जिना उतरली ती दणादण, प्रत्येक पायरीला काहीतरी सुनावत.

नियोजकानं मार्गावर जायचं नसतं. ती रुळांच्या कडेनं खडीतून चालत गेली. खडी चालू देत नव्हती, त्यामुळे खडीवरही राग. फाटकापाशी पोचली तेव्हा चेहरा लालबुंद. ट्रकवाले, दुचाकीवाले, शाळेच्या गाडीतल्या बाई, सगळे उतरून बघत होते. एक ट्रकवाला फाटकवाल्याला विचारत होता, की नवरा-बायकोच्या भांडणासाठी रेल्वे वेगळा वेळ का ठेवत नाही. फाटकवाल्यानं सांगितलं, वेळ ठेवलाय, दुपारचा.

पलीकडून जावईही आला होता. पुठ्ठ्याचे दोन भरलेले ट्रक त्या रांगेत अडकले होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. "आई, काय चाललंय हे?" त्यानं विचारलं. मग चारचौघांत असल्याचं ध्यानात येऊन, "मॅडम."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ती बाकापाशी गेली. काका बसल्या जागेवरून वर बघत होते. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. सरळ राग होता, इतक्या वर्षांचा, घडी करून खिशात ठेवलेला.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

बरंच काही सांगता आलं असतं. ट्रॅक्टरचं सांगता आलं असतं. रविवारचं ताट होतं. कारखान्याचं उत्तर होतं. सगळं खरं होतं, आणि त्यातल्या कशानंही आजचा पिवळा चिमटा काळ्याला चिकटला नव्हता.

"माझी," ती म्हणाली.

आणि बाकावरचे हातमोजे उचलून ती डब्याकडं वळली. ड्रायव्हर ओरडला, अहो बाई, अहो. तिनं मागं न बघता त्याला हात केला, इंजिन हलवलंस तर बघ. मग बफराच्या खालून वाकली आणि आत शिरली.

आत उजेड नव्हता. समोर लोखंड, मागं लोखंड, दोन्ही तापलेलं. जुन्या वंगणाचा वास घशात बसला. पट्टीवर दोन चिमटे टेकले की मधे काही उरत नाही. इथं मधे जागा होती, एक माणूस उभा राहील एवढीच, आणि ती त्याच्या पाठीच्या मापाची नव्हती. माणसालाच तिच्या मापाचं व्हावं लागत होतं. तिनं लोंबणारा फास दोन्ही हातांनी धरला. तो हलला नाही. पुन्हा धरला, मांडीचा आधार देऊन वर ओढला. आकड्याच्या अर्ध्यापर्यंत आला आणि हातातून सुटून गुडघ्यावर आपटला. तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती तिनं आजवर फक्त ड्रायव्हरच्या तोंडून ऐकली होती.

बाहेरून जावई खाली वाकून बघत होता. "आई, बाहेर या. हे नियमात बसत नाही."

"जावईबापू," ती आतून म्हणाली. धाप लागलेली, पण अदब शाबूत. "नियम आपण बाहेर सांभाळा. इथं आत एकाचीच जागा आहे."

रांगेतला एक भोंगा वाजला आणि वाजवणाऱ्यालाच लाज वाटल्यासारखा बंद झाला.

ती तिसऱ्यांदा फास उचलायला गेली तेव्हा बाजूनं काका वाकलेले दिसले. "सर," एवढंच म्हणाले. तिला सरायला जागा नव्हती. तिला दुसऱ्या बाजूनं, बफराखालून, जवळजवळ रांगत बाहेर पडावं लागलं. तिनं बाहेरून पाहिलं. काका आत गेले, गुडघा टेकवला, फास एका झोक्यात वर नेऊन आकड्यात टाकला, मळसूत्राची दांडी फिरवून आवळली, आणि बाहेर आले. तेवढ्या वेळात ती पेन्सिलीला टोकही करू शकली नसती.

ते सरळ उभे राहिले. म्हणजे त्यांना जितकं सरळ होता येतं तितकं. बायको एका बाजूला, ग्रीसमध्ये माखलेली. जावई दुसऱ्या बाजूला, इस्त्रीत. काकांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"तुम्ही दोघं भांडता ते कशानं, माहीत आहे?" ते म्हणाले. "माझ्या पाठीनं."

मग इंजिनाला हात दाखवला. गाडी निघाली. फाटक उघडलं.

चौकशी झाली. रस्ता अडला होता, शाळेच्या गाडीतली मुलं उशिरा घरी पोचली होती, तेव्हा ती होणारच होती. चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं बाईंना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, की पुठ्ठा कारखान्याचा डबा इंजिनाला लागून ठेवण्याचं कारण काय. बाईंनी सांगितलं, राग. त्यानं पेन थांबवलं. म्हणाला, मॅडम, असं लिहिता येत नाही. बाई म्हणाली, मग विचारू नका. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं: परिचालनाची सोय. काकांनी बाकावर घालवलेला वेळ 'जोडणीच्या साहित्याची तपासणी' या सदरात गेला. अनधिकृतपणे इंजिन व डबा यांच्या मधे प्रवेश केल्याबद्दल बाईंना लेखी समज मिळाली. काकांनी तसाच प्रवेश अधिकृतपणे उभा जन्म केला होता, त्याबद्दल त्यांना काहीच मिळालं नाही.

ट्रॅक्टरचा उल्लेख अहवालात कुठं नाही. तो अजून चालतो. जावयाला वाटतं की तो जिंकला, आणि व्यवहारात पाहिलं तर त्याचं चुकत नाही. संध्याकाळी तो डबे ओढतो, सकाळी बाई ते निस्तरते. चिमटे मागंपुढं करून वाचवता येतील तेवढ्या बुड्या वाचवते, उरतात त्या उरतात. तिचा राग गेला असं कोणी समजू नये. तिच्याकडं तो काढायला एकच जागा होती, आणि ती जागा दोन बफरांच्या मधे निघाली. आता ती फोन आपटते, खिडक्या आपटते, साहेबांना महिन्यातून एकदा ट्रॅक्टरबद्दल लिहिते आणि महिन्यातून एकदा तेच उत्तर मिळवते. घरी मलम चोळताना बोलत नाही. काकाही बोलत नाहीत, पण आता उशीत हूं करत नाहीत. मान वळवून बघतात.

चौकशी अहवालाचा समारोप असा आहे: सदर प्रकरणी सर्व कागदपत्रांची छाननी करण्यात आली असून, डब्यांच्या क्रमनिश्चितीत वैयक्तिक भावनेचा कोणताही अंश आढळून आला नाही.

पुठ्ठा कारखान्याचा डबा त्या दिवसापासून रोज शेपटीला लागतो. मुलगी माहेरी येते ती एकटीच.